फुगलेल्या कपॅसिटरांची गोष्ट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले तीन वीकएंड आमच्या गेमिंग पीसीने खाल्ले. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि दुसऱ्याच दिवसापासून साहेबांनी आपोआप रिस्टार्ट व्हायला सुरुवात केली. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. गेम चालू असताना एकदम काळोख, आणि पुन्हा बूट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त एक ओळ: कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी 41. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या ओळीचा अर्थ "मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं" एवढाच. म्हणजे मेलेल्या माणसाने उठून "मी मेलो होतो" असं सांगावं तसं. कशाने, ते नाही सांगणार :)

मग रीतसर सगळं केलं. तापमान बघितलं, ठीक. रात्रभर मेमटेस्ट लावला, एकही एरर नाही. ड्रायव्हर पुसून परत टाकले. शेवटी ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट 70 टक्क्यांवर आणली आणि रिस्टार्ट थांबले. परत 100 केली, वीस मिनिटांत गेला. पुन्हा 70, ठीक. म्हणजे जुना 550 वॉटचा पॉवर सप्लाय नव्या कार्डाला पुरत नव्हता. मित्राकडून त्याचा 750 वॉटचा सप्लाय दोन दिवस मागून आणला, लावला, विषय संपला.

संपला म्हणजे पीसीपुरता संपला. डोक्यातून जाईना. कारण असाच आपोआप रिस्टार्ट होणारा एक कॉम्प्युटर आमच्या घरात पूर्वी होता, आणि त्याचं खापर वीस वर्षं एकाच माणसाच्या डोक्यावर फुटत आलंय. माझ्या दादाच्या.

दिवाळी 2003 ला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मिरजेच्या घरात, बाहेरच्या खोलीत, वर प्लास्टिकचं कव्हर. असेंबल केलेला पेंटियम 4, 256 एमबी रॅम, 40 जीबी हार्डडिस्क. दादा दहावीला बऱ्या मार्कांनी पास झाला तेव्हा मामाने दिलेल्या पैशांतून त्याने ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि व्हाइस सिटी चालू झालं. मी दुसरीत होतो. माझं काम शेजारी स्टुलावर बसून "दादा, पोलीस आले!" असं ओरडणे.

2005 च्या उन्हाळ्यात तो रिस्टार्ट व्हायला लागला. आधी फक्त गेममध्ये. वर्डमध्ये बाबा पत्र टाइप करत असले तर तासभर नीट चालायचा. त्यामुळे निकाल लगेच लागला. "गेम खेळून खेळून बिघडवलास." दुकानातल्या काकांनी "व्हायरस आहे" म्हणून तीनदा फॉरमॅट मारला, तिन्ही वेळा पैसे घेतले. नंतर तो वर्डमध्येही जायला लागला, मग चालूच होईना. 2006 मध्ये माळ्यावर गेला. दादाचं बारावीचं वर्ष, त्यात हे. घरात जे काय झालं ते सगळं इथे लिहीत नाही. ग्राफिक्स कार्ड विकायला लावलं एवढं सांगतो. आणि त्यानंतर घरात कुठलीही वस्तू बिघडली, अगदी मिक्सर, की "दादाने हात लावला होता का?" हा विनोद ठरलेला. दादाही हसायचा. आता विचार केला की वाटतं, तो जरा उशिरा हसायचा.

असो. तर आजचा विषय: कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट का होतात, आणि त्या काळात ते इतके का व्हायचे.

पहिली गोष्ट म्हणजे रिस्टार्ट होणं हा मुळात बिघाड नाही, ते संरक्षण आहे. 1981 च्या आयबीएम पीसीपासून पॉवर सप्लायमधून मदरबोर्डकडे एक वेगळी तार जाते. तिच्यावर "पॉवर गुड" नावाचा सिग्नल असतो. सप्लाय चालू झाला की आधी स्वतःची सगळी व्होल्टेज तपासतो, स्थिर झाली की हा सिग्नल देतो, आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. आजच्या एटीएक्स सप्लायमध्ये ही वाट बघण्याची वेळ 100 ते 500 मिलिसेकंद ठरवून दिलेली आहे. चालू असताना व्होल्टेज घसरलं तर हा सिग्नल जातो आणि प्रोसेसरला तिथल्या तिथे रिसेट मिळतो. चुकीच्या व्होल्टेजवर भलतंच काहीतरी हार्डडिस्कवर लिहिण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा तो विचार.

दुसरी वाट प्रोसेसरच्या आत आहे. प्रोसेसरला काही चूक सापडली तर तो ती हाताळणारा कोड चालवतो. त्या कोडमध्येच चूक निघाली तर अजून एक संधी. तिथेही चूक निघाली तर तो हात वर करतो. याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात, आणि झाला की बोर्ड प्रोसेसरला रिसेट करतो. गंमत म्हणजे एकेकाळी लोक हे मुद्दाम करायचे! इंटेलचा 286 एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला की रिसेट केल्याशिवाय परत रिअल मोडमध्ये येतच नसे. म्हणून 1984 च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडून प्रोसेसरला रिसेट करायची सोय ठेवली होती. म्हणजे "बंद करून चालू कर" हा उपाय आपण टेक सपोर्टवाल्यांनी शोधलेला नाही, तो आधीपासून हार्डवेअरमध्ये आहे.

आता दुकानातल्या काकांची बाजू. इतकी वर्षं मला वाटायचं की त्यांनी आम्हाला फसवलं. पण 2003 ते 2005 चा काळ नीट बघितला तर "व्हायरस आहे" हे उत्तर अगदीच वेडेपणाचं नव्हतं. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. त्याने विंडोजच्या आरपीसी सर्व्हिसमधलं भगदाड वापरलं. ती सर्व्हिस पडली की एक्सपी स्क्रीनवर साठ सेकंदांचा उलटा काउंट दाखवायचा आणि मशीन रिस्टार्ट व्हायची. एप्रिल 2004 च्या शेवटी सॅसर आला, त्याचंही तेच, फक्त भगदाड वेगळं. नेटला जोडलेल्या कुठल्याही कॅफेत त्या वर्षी हा काउंटडाउन दिसायचा. अशी दोन वर्षं काढलेल्या माणसाला रिस्टार्ट म्हटलं की व्हायरस आठवणार नाही तर काय?

शिवाय 2001 साली आलेल्या एक्सपीमध्ये एक सेटिंग मुळातच चालू असायचं: सिस्टिम कोलमडली तर आपोआप रिस्टार्ट कर. म्हणजे निळा स्क्रीन यायचा, त्यावर काय चुकलं त्याचा कोड यायचा, आणि तो वाचायच्या आत गायब. ड्रायव्हर खराब, रॅम खराब, वीज खराब, काहीही असलं तरी बाहेरून दिसणार एकच: रिस्टार्ट. रोग दहा, लक्षण एक.

पण आमच्या मशीनला काउंटडाउन कधीच आला नव्हता. आणि फॉरमॅट मारल्यावर चौथ्या दिवशी परत तेच. घरात तर इंटरनेटही नव्हतं. इथे काकांनी थांबून विचार करायला हवा होता.

आता खरा आरोपी. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला छोटे छोटे उभे डबे दिसतात ना, ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. प्रकार जुना आहे. कारोल पोलाक या पोलिश संशोधकाचं पेटंट 1896 चं. आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये द्रवात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बंद. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो इन्सुलेटर. तो थर टिकणं हेच या कपॅसिटरचं आयुष्य.

त्यांचं काम काय? पेंटियम 4 ला साधारण दीड व्होल्ट लागायचे, पण करंट चाळीस अँपिअरच्या आसपास. आपल्या घरातली ट्यूबलाइट अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यावरून अंदाज करा. आणि ही मागणी सारखी नसते. प्रोसेसर निवांत असतो, मग एकदम कामाला लागतो, क्षणाच्या लाखाव्या हिश्शात मागणी दुप्पट-तिप्पट होते. मागचा सर्किट एवढ्या झटक्यात पुरवठा वाढवू शकत नाही. मधली कमी कपॅसिटर भरून काढतात. गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. नगरपालिकेचं पाणी बारीक येत असलं तरी टाकी भरलेली असली की सगळ्या मजल्यांवर नळ एकदम सोडले तरी चालतं. टाकीत गाळ साठला की? एकट्याने हात धुतला तर कळत नाही. सकाळी आठला सगळे आंघोळीला गेले की वरच्या मजल्याची बोंब.

वर्ड म्हणजे हात धुणं. व्हाइस सिटी म्हणजे सकाळचे आठ.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रोसेसरांची ही भूक वाढत चालली तसे कमी रेझिस्टन्सचे कपॅसिटर हवे झाले. त्यासाठी जपानी कंपन्यांनी आत पाण्याचं प्रमाण जास्त असलेला इलेक्ट्रोलाइट बनवला. स्वस्त आणि मस्त. पण पाणी आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं जमत नाही. दोघे एकत्र आले की ऑक्साइडचा थर खराब होऊन हायड्रॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो होऊ नये म्हणून त्यात नेमकी रसायनं घालावी लागतात. खरी विद्या ती.

2002 च्या सुमाराला जगभरातले मदरबोर्ड पटापट मरायला लागले. वर्ष-दोन वर्षं चाललेले बोर्ड, उघडून बघावं तर कपॅसिटरांची डोकी फुगलेली, कुठे तपकिरी द्रव गळून सुकलेला. बरेचसे कपॅसिटर तैवानी कंपन्यांचे होते. या उद्योगाच्या एका मासिकाने त्याच वर्षी बातमी दिली, ती एखाद्या सिनेमासारखी आहे. जपानच्या रुबिकॉन कंपनीतला एक शास्त्रज्ञ नोकरी सोडून चीनमधल्या कंपनीत गेला, तिथे त्याने तसाच इलेक्ट्रोलाइट बनवला, मग त्याच्या हाताखालच्या लोकांनी त्याचा फॉर्म्युला पळवून तैवानमध्ये विकला. पण पळवताना अर्धाच पळवला! नेमकी ती संरक्षक रसायनं राहून गेली. ही गोष्ट प्रचंड गाजली, अजूनही सांगतात. तिच्यासाठी कुणाला शिक्षा मात्र झाली नाही, त्यामुळे ती गोष्ट म्हणूनच घ्यावी. पण रसायनांचा भाग खरा निघाला. मेरीलँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी फुगलेल्या कपॅसिटरांतला द्रव तपासला, तेव्हा त्यात आवश्यक घटक नव्हते किंवा अपुरे होते, आणि आत हायड्रोजन साठला होता.

बोर्ड बनवणाऱ्यांपैकी अबिट या तैवानी कंपनीने ही गोष्ट त्या वेळी उघडपणे कबूल केली. बाकीचे बहुतेक गप्प. कारण कपॅसिटर एकदम मरत नाही. आधी टाकीत गाळ, मग अधूनमधून रिस्टार्ट, मग जास्त वेळा, मग कायमचा काळोख. दरम्यान वॉरंटी संपते. आणि वापरणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट डेलची आहे. 2007 मध्ये एका इंटरनेट कंपनीने डेलवर खटला भरला आणि 2010 मध्ये त्यातली कागदपत्रं उघड झाली. न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर दिलेल्या बातमीप्रमाणे मे 2003 ते जुलै 2005 या काळात डेलने बिघडण्याचा धोका असलेले किमान 1 कोटी 18 लाख कॉम्प्युटर विकले होते. कंपनीच्याच एका अभ्यासात तर तीन वर्षांत 97 टक्क्यांपर्यंत मशीनना त्रास होईल असा अंदाज होता. (यातले कपॅसिटर जपानच्या निचिकॉनचे होते. म्हणजे "जपानी चांगले, तैवानी वाईट" इतकं ते सोपं नव्हतं.) आणि त्याच बातमीत टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाचा किस्सा आहे. त्यांचे कॉम्प्युटर बंद पडायला लागले तेव्हा डेलने कारण दिलं की तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेता, त्याचा ताण आला!

हे वाचल्यावर मी खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं नुसता बसलो. अहो, गणित विभाग अवघड गणितं नाही करणार तर काय करणार? पण हे वाक्य मी ऐकलेलं होतं. फक्त माझ्या घरी ते मराठीत होतं. "गेम खेळून खेळून बिघडवलास."

गेल्या महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा माळ्यावरून तो कॅबिनेट खाली काढला. धूळ, झुरळांची अंडी, सगळं. बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. प्रोसेसरच्या शेजारी नऊ कपॅसिटर. सात फुगलेले, त्यातल्या दोघांच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा.

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं. वीस वर्षं माळ्यावर, मिरजेचा उन्हाळा, पत्र्याच्या खाली. कपॅसिटर तिथेही फुगू शकतात. आज फुगलेले दिसतात म्हणून 2005 मध्येच फुगले होते हे सिद्ध होत नाही. म्हणून दादाला फोन लावला. तो इस्लामपूरला असतो, खतांचं दुकान आहे. त्याला काही सांगितलं नाही, फक्त विचारलं.

"दादा, त्या वेळी तू कॅबिनेट उघडायचास ना? आत प्रोसेसरजवळ छोटे डबे होते, आठवतात?"

"हिरवे का? हो की. काही सपाट होते आणि काही वरून गोल होते. मला वाटलं दोन प्रकारचे असतात."

मला वाटलं दोन प्रकारचे असतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने आरोपीला पाहिलं होतं, नीट पाहिलं होतं, लक्षातही ठेवलं होतं. फक्त त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

पुढचं मी हट्टाने केलं. सोल्डरिंगला माझा हात बरा नाही, म्हणून स्टेशनजवळ टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे बोर्ड नेला. त्यांनी बघताक्षणी "कपॅसिटर गेलेत" म्हटलं, माझं सगळं व्याख्यान घशातच राहिलं. नऊच्या नऊ बदलले, दुसऱ्या दिवशी बोर्ड हातात. घरी आणून जोडला. बॅटरी गेलेली, त्यामुळे तारीख चुकीची, पण एक्सपीची हिरवी टेकडी आली! हार्डडिस्क घरघरत होती, पण चालली. दोन तास प्रोसेसर पूर्ण ताणून ठेवला. एकदाही रिस्टार्ट झाला नाही. पॉवर सप्लाय तोच, रॅम तीच, विंडोज तेच. बदललं काय, तर नऊ डबे.

बाबा मागे उभं राहून बघत होते. त्यांना जुने कपॅसिटर हातात दिले, काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी एक डबी चिमटीत धरून बराच वेळ बघितली.

"म्हणजे गेमचा काही संबंध नव्हता?"

"गेमने लवकर दिसून आलं, एवढंच. नाहीतर वर्डमध्येही गेलाच असता. गेला होताच की नंतर."

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी दादाचा फोन आला मला, "काय रे, बाबांनी फोन केलेला. खतांचे भाव विचारत होते. बाबांना खतांचं काय करायचंय?" मी म्हटलं, मला काय माहीत.

आता इंजिनिअर आहे, म्हणून शेवटी कामाचं थोडं. तुमचा पीसी रिस्टार्ट होत असेल तर क्रम असा ठेवा. आधी आपोआप रिस्टार्टचं सेटिंग बंद करा. निळा स्क्रीन थांबला तर त्याचा कोड वाचा, बहुधा ड्रायव्हर किंवा रॅम. निळा स्क्रीन येतच नसेल तर वीज किंवा उष्णता. तापमान बघा, मेमटेस्ट रात्रभर लावा. मग भार कमी करून बघा, ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट खाली आणा. फरक पडला तर पॉवर सप्लायवर संशय. आजकालची मोठी कार्डं क्षणभरासाठी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतात. इतकी की 2022 च्या एटीएक्स 3.0 मध्ये सप्लायने 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा असा नियमच घातला. कपॅसिटर आता बहुतेक घन पॉलिमरचे असतात, ते तसे फुगत नाहीत, पण जुनं मशीन असेल तर झाकण काढून एकदा डोळ्यांनी बघा. फुकट असतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

आणि ज्या कामाने बिघाड दिसला त्या कामालाच दोष देऊ नका. करणाऱ्याला तर मुळीच नको. सकाळी आठला आंघोळीला गेलेल्या माणसाने टाकीत गाळ केलेला नसतो.

तो पीसी आता मिरजेच्या बाहेरच्या खोलीत परत जोडून ठेवलाय. दिवाळीला दादा येणार आहे. व्हाइस सिटीची सीडी शोधतोय, कुणाकडे असेल तर सांगा.